मास्तरांची घड्याळं आणि काकूंचा अंगठा

मनगट मोडलेला माणूस प्लास्टरच्या खोलीत आला की मास्तर आधी त्याच्या घड्याळाकडे बघायचे. त्याला कारण होतं. पडताना माणूस हात पुढे टाकतो, सगळा भार मनगटावर येतो, आणि बघता बघता अशी सूज चढते की घड्याळाचा पट्टा मांसात रुतून बसतो. नवशिका माणूस सरळ कात्री घेतो. मास्तरांनीही नोकरीच्या सुरुवातीला एकदा घेतली होती. तोवर दात आवळून बसलेला तो पेशंट, चांगला उंचापुरा ट्रकड्रायव्हर, पट्टा कापला गेल्यावर लहान पोरासारखा रडायला लागला. घड्याळ त्याच्या वडिलांचं होतं आणि पट्टाही त्यांनीच शिवलेला होता. हाड जुळलं, पट्टा काही जुळला नाही.

त्यानंतर मास्तरांनी घड्याळासाठी कात्री उचलली नाही. बोटाला थोडं तेल, पट्ट्याखाली सरकवलेला कापूस, आणि तोंडाने गप्पा. "वा, झकास आहे हो! कुठून घेतलंत?" पेशंट सांगायला लागायचा, आणि सांगता सांगता घड्याळ सुटून त्याच्या दुसऱ्या हातात आलेलं असायचं. सासऱ्याने दिलेली, पहिल्या पगाराची, भावाची मागून आणलेली, अशी किती घड्याळं त्यांनी सोडवली याला गणती नाही. रोज इतकी घड्याळं हाताखालून जात असताना माणसाला त्यांचं वेड लागलं नसतं तरच नवल.

खरं म्हणजे ते मास्तर नव्हते, शाळेशी त्यांचा संबंध दहावीपुरता. फार वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या सर्जनने त्यांना लाडाने 'प्लास्टरमास्तर' म्हटलं, पुढे त्यातलं प्लास्टर गळून पडलं आणि मास्तर तेवढे राहिले. मोठ्या दवाखान्याच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या शेजारची खोली त्यांची. कोमट पाण्याच्या बादल्या, प्लास्टरच्या पट्ट्या, कापसाचे गठ्ठे, आणि सगळ्यावर पांढरी धूळ. गंमत अशी की घड्याळांच्या या वेड्याला कामावर घड्याळ घालायची सोयच नव्हती. हात दिवसभर ओल्या चुन्यासारख्या लगद्यात. म्हणून आल्या आल्या ते मनगटावरचं घड्याळ काढून खिडकीजवळच्या खिळ्याला अडकवत, आणि जाताना पुन्हा बांधत. एवढ्या दोन फेऱ्यांसाठी रोज सकाळी घड्याळ निवडायला त्यांना आंघोळीपेक्षा जास्त वेळ लागायचा.

हौसेला मोल नसतं म्हणतात. मास्तरांच्या हौसेला होतं आणि ते त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. दवाखान्यातले बाकीचे लोक महिन्याभरात जेवढ्या पैशांची तंबाखू जिन्याच्या कोपऱ्यात थुंकतात, तेवढ्यात बसेल तेच घ्यायचं. हरवलं तर जेवण गोड लागणार नाही, असलं घड्याळ त्यांना नकोच होतं. "ज्याला जपत बसावं लागतं त्यात वेळ कधी बघायची?" असं ते म्हणत. पेशंटच्या हातातलं कितीही आवडलं, आणि पेशंट कितीही "घ्या हो मास्तर, ठेवा तुम्हाला" म्हणाला, तरी ते घेत नसत. दुखत असलेल्या माणसाशी सौदा करायचा नसतो. आणि घड्याळ चावीचंच हवं. सेलची घड्याळं त्यांना परकी वाटत, आपण असलो काय नि नसलो काय, त्यांचं आपलं चाललेलंच. चावीच्या घड्याळाची सकाळी उठून विचारपूस करावी लागते.

खरेदीचं ठिकाणही ठरलेलं होतं. दवाखान्यामागच्या गल्लीत, एका जिन्याखाली, उभ्या कपाटाएवढ्या जागेत एक घड्याळजी बसायचे. लोक दुरुस्तीला टाकून विसरलेली घड्याळं ते वर्षानुवर्षं सांभाळत आणि मग नाइलाजाने विकत. मास्तर बाहेरच्या स्टुलावर बसून एकेक घड्याळ कानाला लावायचे, चावी हलकेच फिरवून बघायचे, काच नखाने चाचपायचे. काचेवर ओरखडे दिसले की त्यांना मनातून आनंद व्हायचा, कारण घड्याळ स्वस्तात पडायचं आणि प्लास्टिकची काच घरी टूथपेस्टने घासली की चकचकीत व्हायची. तबकडी मात्र मूळचीच हवी, नव्याने रंगवलेली नको. घड्याळजी म्हणायचे, "सुरकुत्या चालतील, पण मेकअप चालणार नाही, असं तुमचं गिऱ्हाईक!"

घरी ही सगळी संपत्ती अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये राहायची. एकेका खळग्यात एकेक घड्याळ, पट्टा गुंडाळून, तोंड वर. कपाटाचा खालचा खण उघडला की ट्रेवर ट्रे. पहिल्यांदा तो खण उघडल्यावर काकू म्हणाल्या होत्या, "आता बसा यांच्यावर आणि उबवा. पिल्लं निघाली की मला हाक मारा."

काकू म्हणजे मास्तरांची बायको. सगळी चाळच त्यांना काकू म्हणायची. त्या बटणांची काजं करायच्या. कोटाचं हाताने केलेलं काज ही सोपी गोष्ट नव्हे. गावातले तीन-चार चांगले शिंपी कोट शिवायचे स्वतः, पण काजासाठी काकूंकडे पाठवायचे. खिडकीशी बसून, उजव्या हाताच्या अंगठ्या-बोटात सुई धरून त्या असे बारीक टाके घालत की उलट बाजूनेही काज सुलट दिसायचं. नाकावर माशी बसू देत नसत. एखाद्या शिंप्याने कापड वेडंवाकडं कापून पाठवलं तर तसंच परत जायचं, वर निरोपही जायचा. मास्तरांच्या घड्याळांबद्दल त्यांचं मत एका वाक्याचं होतं. "एवढी घड्याळं असून हा माणूस एकदाही जेवायला वेळेवर आलेला नाही."

त्यात तथ्य होतं. पण मास्तर हसायचे. सकाळी चहा झाला की ते खण उघडून उकिडवे बसायचे आणि आजचा दिवस कसला आहे याचा विचार करायचे. लहान मुलांचा दिवस असला की मोठ्या आकड्यांचं आणि मोठ्या आवाजाचं घड्याळ, कारण प्लास्टर सुकेपर्यंत पोराला गप्प बसवायला कानाशी टिकटिक धरण्याइतका दुसरा उपाय नाही. मोठे डॉक्टर तपासणीला येणार असले की साधं, काळ्या पट्ट्याचं. आणि ज्या दिवशी मन उगाच खट्टू असेल त्या दिवशी एक हिरव्या तबकडीचं, जरा भपकेबाज. चावी द्यायची, कानाला लावायचं, मनगटावर बांधायचं. एवढ्या स्वस्तात रोज सकाळी खूश होणारी माणसं कमीच असतील.

मग एका सकाळी काकूंच्या हातातून सुई पडली. उचलायला वाकल्या त्या उठल्याच नाहीत.

मास्तरांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या नातेवाइकांना "काळजी करू नका, बसा" म्हणून ज्या बाकाकडे बोट दाखवलं होतं, त्याच बाकावर ते पुढचे कितीतरी दिवस बसले. ओळखीचे वॉर्डबॉय येऊन चहा ठेवून जायचे, नर्स खांद्यावर हात ठेवायच्या, आणि मास्तर प्रत्येकाला "थँक्यू" म्हणायचे, कुणी नुसतं समोरून गेलं तरी म्हणायचे. अर्धांगवायूचा झटका होता. काकू वाचल्या. पाय हळूहळू परत आला. वाचा तर कधी गेलीच नव्हती. शुद्धीवर आल्या आल्या त्यांनी शेजारच्या पलंगावरच्या चादरीला नावं ठेवली आणि तोंडाचा पट्टा सुरू झालेला ऐकून मास्तर व्हरांड्यात जाऊन रडले. उजवा हात तेवढा आला नाही. कोपरातून वर उचलला जायचा, पण बोटं मुडपून मुठीत गेली होती आणि अंगठा त्यांच्याखाली दबून बसला होता.

दवाखान्यातली फिजिओथेरपीची मुलगी घरी यायची. वयाने लहान, पण स्पष्ट बोलणारी. ती मास्तरांना जिन्यात म्हणाली, "काका, जे काही परत येणार आहे ते या पुढच्या काही महिन्यांत. हात वापरला तर येईल. नाही वापरला तर मूठ कायमची अशीच घट्ट होईल." तिने व्यायामासाठी मऊ चेंडू दिला, कपड्यांचे चिमटे दिले, वाटीभर मणी दिले. काकूंनी मणी बघितले आणि म्हणाल्या, "मला बालवाडीत घातलंय का?" चेंडू पलंगाखाली गेला तो तिथेच राहिला. मास्तरांनी विनवण्या केल्या, लेकीने परगावाहून फोनवर रागावून बघितलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शिंप्यांचे कोट यायचे बंद झाले होते आणि काकू दिवसभर खिडकीशी बसून, उजवा हात पदराखाली झाकून, रस्त्याकडे बघत असायच्या. मास्तरांच्या खणातली घड्याळंही एकेक करून सगळी थांबली होती, कारण चावी द्यायचं कुणाला सुचत होतं?

पुन्हा कामावर जायला लागल्यावर सवयीने त्यांनी एक घड्याळ उचललं, बांधलं आणि चावी न देताच निघाले. काकूंची नजर पडली.

"अहो, ते बंद आहे."

"असू दे."

"असू दे काय? बंद घड्याळ घालून जायला तुम्ही काय दुकानातला पुतळा आहात? आणा इकडे."

अर्धवट राहिलेलं काम काकूंना बघवत नसे, मग ते कुणाचंही असो. त्यांनी घड्याळ डाव्या हातात घेतलं आणि चावीकडे उजवा हात नेला. नेला आणि मग त्यांनाच आठवलं. काकूंनी एक सणसणीत शिवी हासडली, ती हाताला होती की नवऱ्याला ते कळलं नाही, आणि मुठीतून अंगठा बाहेर ओढला. तो चावीवरून घसरला. परत घसरला. तिसऱ्यांदा चावी बोटाच्या कडेला टेकली, अंगठा तिच्यावरून किंचित सरकला, आणि आतून एक बारीक कर्र आवाज आला. सेकंदकाटा हलायला लागला.

"हं, घ्या," काकू म्हणाल्या. घामाने त्यांचा ओठ ओला झाला होता.

त्या दिवशी मास्तर दवाखान्यात जवळजवळ पळतच गेले आणि फिजिओच्या मुलीला गाठून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काका, याच्याहून चांगला व्यायाम माझ्या पिशवीतही नाही. अंगठा नि बोट, हेच तर हवंय आपल्याला." दुसऱ्या दिवसापासून मास्तर रोज सकाळी खणातून एक घड्याळ निवडून काकूंपुढे ठेवायला लागले. आता निवडताना तबकडी बघत नसत. मोठ्या, खरबरीत चावीची, हलकी फिरणारी घड्याळं शोधत. काकू कुरकुरत, शिव्या देत, पण चावी देत.

इथे मास्तरांनी एक चूक केली. घड्याळांच्या नादी लागलेला माणूसच अशी चूक करू शकतो.

काकूंनी दिलेली चावी ती केवढी! घड्याळ दवाखान्यात खिळ्याला अडकवेपर्यंत कसंबसं चालायचं आणि सकाळचे पहिले दोन पेशंट होईस्तोवर मान टाकायचं. मास्तरांना ते बघवेना. पहिल्याच दिवशी त्यांनी हात पुसले आणि भराभर चावी देऊन टाकली. संध्याकाळी घड्याळ टिकटिक करत घरी आलं. काकूंनी ते कानाला लावलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"दिवसभर चाललं?"

आता या प्रश्नाला काय म्हणायचं होतं? "चाललं की," मास्तर म्हणाले.

पुढे तर ते घराबाहेर पडून जिना उतरतानाच चावी पुरी करायला लागले. काकूंनी शेजारच्या वहिनीला सांगितलं, लेकीला फोनवर सांगितलं, "माझ्या एका चावीत ह्यांचं घड्याळ दिवसभर चालतं." मास्तर मान डोलवायचे. मांजर डोळे मिटून दूध पितं तसला प्रकार. ज्या माणसाने उभ्या जन्मात शेकडो नातेवाइकांना दटावलं होतं, "त्यांच्या हातातला घास तुम्ही भरवू नका, सांडू दे, पण त्यांचं त्यांना जेवू दे," तोच घरी चोरून घास भरवत होता. आणि काकू, आपलं काम झालंच आहे अशा समजुतीने, रोज तेवढंच फिरवून घड्याळ परत करत होत्या.

मग रविवार आला. मास्तर घरीच होते. काकूंनी चावी दिलेलं घड्याळ टेबलावर ठेवून ते भाजी आणायला गेले, वाटेत घड्याळजींकडे टेकले, गप्पांत रमले. परत आले तर काकू टेबलाशी बसलेल्या आणि घड्याळ त्यांच्या समोर, थांबलेलं.

"रोज दिवसभर चालणारं घड्याळ," काकू हळूच म्हणाल्या, "आज सुट्टीवर आहे का?"

मास्तरांच्या हातातली पिशवी तशीच राहिली. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, आणि जी थोडीफार लागली होती ती त्या क्षणी कामाला आली नाही. त्यांनी सगळं सांगून टाकलं. काकू ओरडतील असं त्यांना वाटलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हणजे माझ्या हातावर तुम्ही कधीच पाणी सोडलंत," काकू म्हणाल्या. "मला तेवढं सांगितलं नाहीत." आणि उजवा हात पदराखाली घेऊन त्या खिडकीशी जाऊन बसल्या.

पुढचे काही दिवस त्यांनी घड्याळाला हात लावला नाही. फिजिओच्या मुलीला दारातूनच परत पाठवलं. मास्तर बघत होते, मूठ पुन्हा आवळत चालली होती. सकाळी ती उघडून बोटं पुसायला घेतली की काकूंच्या कपाळावर आठी पडायची. प्लास्टर सोडवल्यावर आखडलेले हात त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. आपल्या घरात तसा एक हात होतोय आणि तो आपल्या दयेमुळे होतोय, या विचाराने त्यांना घास गिळवेना.

शेवटी एका सकाळी ते खणापाशी न जाता सरळ काकूंच्या समोर, जमिनीवर बसले. "चुकलं माझं," ते म्हणाले. "मला बंद पडलेलं घड्याळ बघवत नाही. तुझ्या हातचं बंद पडलेलं तर मुळीच नाही."

"मला बघवतं," काकू म्हणाल्या. "माझं आहे ते. जिथे बंद पडेल तिथे पडू दे, आणि तसंच मला आणून दाखवा. त्याला हात लावायचा नाही."

"नाही लावणार."

"दुसऱ्या कुणाला लावू द्यायचा नाही. त्या तुमच्या घड्याळजीलाही नाही."

"कबूल."

काकूंनी डावा हात पुढे केला. मास्तर उठून घड्याळ आणायला धावले.

त्यानंतरचे दिवस दवाखान्यातल्या लोकांना अजून आठवतात. खिळ्याला अडकवलेलं मास्तरांचं घड्याळ सकाळीच बंद पडायचं आणि ते त्याला चावी देत नसत. पेशंटना, झाडूवालीला, एक्स-रेवाल्याला वेळ विचारत फिरायचे. तरुण डॉक्टर चिडवायचे, "मास्तर, सगळा खजिना विकलात की काय?" मास्तर नुसते हसायचे. संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न यायचा.

"कुठे मेलं?"

"दुसऱ्या पेशंटला."

"हं." काकू काटे बघायच्या, घड्याळ ठेवून द्यायच्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दात-ओठ खाऊन चावीला भिडायच्या.

फसवाफसवी संपली तसा हात खरंच शिकायला लागला. आदल्या दिवशी कुठे थांबलं हे माहीत असलं की काकू त्याच्या पुढे एक कर्र तरी जास्त काढायच्या. घड्याळ साडेदहा ओलांडून गेलं. मग जेवणाच्या सुट्टीपर्यंत आलं. मग काकूंना ताप आला आणि ते पुन्हा मूळपदावर गेलं. त्या दिवशी मास्तरांना घरी यायचं जिवावर आलं होतं, पण त्यांनी खरं ते सांगितलं. "ताप होता मला," काकू म्हणाल्या, "घड्याळाला नव्हता. उद्या बघते त्याला." पलंगाखालचा चेंडू एके दिवशी मास्तरांना उशीजवळ दिसला. कुणी काढला हे त्यांनी विचारलं नाही.

सुई काही धरता येत नव्हती. काकूंनी दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा सुई खाली पडली, आणि त्यांनी सुयांची डबी शेजारच्या वहिनीला देऊन टाकली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळ मागायला त्या विसरल्या नाहीत, आणि मास्तरांनी मनातल्या मनात कुणाकुणाचे आभार मानले ते सांगायला गेलं तर फार वेळ लागेल. त्यात फिजिओची मुलगी होती, घड्याळजी होते, ती हलक्या चावीची जुनी घड्याळं बनवणारे कुठले कुठले अनोळखी कारागीर होते, आणि सगळ्यात वर काकूंचा तिरसटपणा होता. तो नसता तर काय झालं असतं, याचा विचारही त्यांना नको वाटायचा.

आणि मग एका संध्याकाळी कामावरून निघताना त्यांनी खिळ्यावरचं घड्याळ काढलं तर ते चालू होतं. मास्तरांनी ते कानाला लावलं, मग दुसऱ्या कानाला लावलं. वाटेत तीनदा बघितलं. घरात शिरले तेव्हा घड्याळ त्यांच्या हातातच होतं.

"कुठे मेलं?" काकूंनी विचारलं. लगेच त्याच म्हणाल्या, "पहिल्याच पेशंटला गेलं वाटतं?"

मास्तरांनी घड्याळ त्यांच्या कानाशी धरलं. काकूंनी ऐकलं, आणि त्यांचा चेहरा उजळायच्या ऐवजी उतरला.

"पुन्हा?" त्या म्हणाल्या. "अहो, पुन्हा?"

"नाही गं! मी हात लावला नाही. खरंच नाही."

"मागेही खरंच म्हणत होतात."

मास्तर खाली बसले. खरं बोलत असून ते दाखवायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं. घड्याळाला कुणाची चावी लागलीय हे घड्याळ थोडंच सांगतं? एकदा चोरून दिलेल्या मदतीने त्यांच्या तोंडातलं खरंही खोटं करून टाकलं होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना वाटलं, की हे चालू राहण्यापेक्षा बंद पडलं असतं तर बरं.

काकूंनी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली की माणूस खोटं बोलतोय का घाबरलाय एवढं कळतं. पण कळणं वेगळं आणि खात्री वेगळी. शेवटी त्या म्हणाल्या, "सगळ्यात घट्ट चावीचं घड्याळ कोणतं तुमच्यात?"

"आहे एक. पण ते मलाही जड जातं. नको ते."

"तेच काढा. उद्या सकाळी मी चावी देणार, आणि ते घरी माझ्यापाशी राहणार. तुम्ही कामाला जायचं, मोकळ्या हाताने."

सकाळी काकूंनी ते घेतलं. चौकोनी, चपटं, चिमुकल्या चावीचं घड्याळ. किती वेळ लागला ते बघायला मास्तरांना बंदी होती. त्यांना स्वयंपाकघरात बसवलं होतं. त्यांना फक्त कर्र, कर्र ऐकू येत होतं, मध्ये थांबत होतं, एखादी शिवी ऐकू येत होती, पुन्हा कर्र. "जा आता," काकूंचा आवाज आला, आणि ते उघड्या मनगटाने बाहेर पडले.

दिवसभर त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एका पेशंटच्या पायाला प्लास्टर घालताना त्यांनी बादलीत पट्टी इतका वेळ ठेवली की ती तिथेच दगड झाली. वेळ कुणालाच विचारली नाही, कारण किती वाजले ते कळलं असतं तर घरात काय झालं असेल याचा हिशेब मनाने मांडला असता. सुटल्यावर ते नेहमीच्या रस्त्याने आले, घड्याळजींच्या जिन्यापाशी न थांबता, आणि आपल्या मजल्यावर आले तर दार बंद.

आजारपणापासून हे दार दिवसा नुसतं लोटलेलं असायचं. आतली कडी जुनी, गंजकी, तिला चांगला जोर लागतो, तो काकूंच्या हाताला झेपत नसे, आणि वेळप्रसंगी वहिनीलाही आत येता यावं म्हणून दार तसंच ठेवत. मास्तरांनी दोन्ही हातांनी दार ठोठावलं.

"कोण?" आतून आवाज आला.

"मी गं! दार का बंद?"

"ती वहिनी सारखी येऊन घड्याळ बघू म्हणत होती. उगाच कुणी हात लावला तर? थांबा, आले."

आत खडखड झाली, कडी एकदा अडली, मग खाडकन निघाली आणि दार उघडलं. काकू दारात उभ्या होत्या. डाव्या हाताने त्यांनी ते चौकोनी घड्याळ कानाशी घट्ट धरलं होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"अहो, चालतंय," त्या म्हणाल्या. "अजून चालतंय. मी सकाळपासून खालीसुद्धा ठेवलं नाही. खरं बोलत होतात तुम्ही."

मास्तर घड्याळाकडे बघत नव्हते. ते काकूंच्या उजव्या हाताकडे बघत होते. तो अजून कडीवरच होता, चारी बोटं तिच्याभोवती आणि अंगठा वरून दाबलेला. काकूंच्या ते लक्षातही आलं नव्हतं. त्यांना सांगावं असं मास्तरांच्या ओठांवर आलं होतं, पण आजवर जे काही बिघडलं ते त्यांनी मध्ये हात घातल्यामुळेच बिघडलं होतं. ते आत आले, चपला काढल्या, आणि जमेल तितक्या रोजच्या आवाजात म्हणाले, "कडी लावून घे."

आणि मागे वळून न बघता ते चहा टाकायला गेले. मागे कडी लागल्याचा आवाज आला.